आक्काचा अण्णा

प्रिय आक्का,

तुला जाऊन अजून वर्ष व्हायचंय आणि तेवढ्यात लोकांनी तुझा अण्णा केला. हे तुला दुसरं कोण सांगणार? म्हणून मीच लिहाय बसलो.

व्हय, 'बसलो'च. शाळेत पोरांना मराठी शिकवताना मी 'बसले, उठले, येते, जाते' म्हणतो, फळ्यावरबी तेच लिहितो. घरला आलो की चपलीबरोबर ते सगळं दारात काढून ठेवतो. आपल्यात बायका अशाच बोलतात. आई 'मी दळण घेऊन येतो' म्हणती, निपाणीची आत्या 'मी जेवलो' म्हणती, तू 'मी गाडी काढतो' म्हणायचीस. त्यानं कुणाचं बाईपण कमी झालं न्हाय. तुला हे सांगायची गरज न्हाय खरं, पण सगळा घोळ ह्या एका 'तो'नं केलाय, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आपला नाववाला, होडीचा गेम आठवतोय ना? त्याचं इंग्रजी नाव तू कधी घेतलं न्हाईस. रविवारी दुपारी भांडी घासून झाली की हात पुसत यायचीस आणि म्हणायचीस, "बारके, नाववाला लाव." पुरात बुडालेलं खोरं, एक नाव, दोन माणसं. एकानं वल्हं मारायचं, एकानं कंदील धरायचा. खडकावर नाव आदळायला लागली की तू ऑफिसातल्या कन्नडात ओरडायचीस, "बेग बा, बेग बा!" मी शेजारीच बसलोय आणि मला 'लवकर ये' म्हणायचीस. कुठं येऊ?

पुढं तो मोडका पूल यायचा. तिथं एकानं काठावर उतरून साखळी ओढून धरायची, तेव्हा दुसऱ्याची नाव पुलाखालनं निघून जाती. साखळी धरणारा मागंच ऱ्हातो आणि पाणी चढत येतं. गेममधली माणसं एक अक्षर बोलत न्हाईत, बोलायचं ते खेळणाऱ्यांनी. दरवेळी तूच बोलायचीस. "मी ऱ्हातो, तू जा."

पडद्यावर बुडायचीस आणि शेजारी बसून भडंग खायचीस. चमच्यानं, कंट्रोलरला तेल लागू नये म्हणून. एकदा मी हट्टच धरला, आज साखळी मी धरणार. तू म्हणालीस, "बरं, धर की." आणि पूल आल्यावर माझ्या आधी तूच काठावर उडी मारलीस. मी चिडलो तर हसत हसत म्हणालीस, "होगली बिड." सोड, जाऊ दे. तुझं हे 'होगली बिड' ऐकून ऐकून आईलासुद्धा पाठ झालंतं.

तू गेल्यावर तो गेम मला लावता येईना. एकट्यानं खेळताच येत न्हाय तो. म्हणून मी त्याच्यावर लेख लिहिला. गेमवर आणि तुझ्यावर. कंट्रोल कसे हायत, पाण्याचा आवाज कसा केलाय, मलप्रभेला पूर आल्यावर आपल्या खानापूरच्या शेतातनं तसाच आवाज कसा येतो, तू उद्यमबागेतनं आठवड्याचं काम संपवून आलीस की पहिल्या अर्ध्या तासात कशी खेळायचीस आणि मग कशी, सगळं. लेखाला नाव दिलं, 'मी ऱ्हातो, तू जा'.

आता सांग, असला लेख दाखवायचा कुणाला? आपल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये? तिथं 'गेम' म्हटलं की सगळ्यांना पोरं बिघडल्याची आठवण येती. म्हणून कट्ट्यावर दाखवला.

कट्टा तुला म्हाईतच हाय. तूच ढकललं होतंस मला तिथं. मराठीतनं गेमवर गप्पा मारणारी माणसं फोनवर एका ठिकाणी भेटतात, हे मी तुला नुसतं सांगितलं, तर तू म्हणालीस, "जा की मग. लिहून टाक. कुणी खातंय काय तुला?"

खाल्लं की गं. पण मला न्हाय, तुला खाल्लं.

पहिल्याच दिवशी मी तिथं 'नमस्कार, मी बेळगावातनं आलो' असं लिहिलंतं आणि सगळ्यांनी मला पोरगा समजून 'भावा, भावा' चालू केलंतं. तू किती हसलीस तेव्हा. "ऱ्हा आता भावा होऊन," म्हणालीस. मग पुण्याच्या रेवतीनं विचारलं, तेव्हा मी सगळं समजावून सांगितलं. कोल्हापूर-बेळगावकडं पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आमच्याकडं हे साधं बोलणं हाय. रेवतीला त्याचं लई कौतुक वाटलं. "किती गोड गं," म्हणाली. तेव्हापासनं ती माझ्याशी बोलताना मुद्दाम 'मी येतो हं' म्हणायची. म्हणजे ह्या लोकांना म्हाईत नव्हतं असं काय न्हाय. पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं. हे ध्यानात ठेव.

रेवती म्हणजे माझी मैत्रीण. 'होती' लिहावं लागंल आता. तोंड कधी प्रत्यक्ष बघितलं न्हाय तिचं, पण तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून कुणाशी बोलत होतो? तिच्याशी. डॉक्टर आधी साधा ताप म्हणाले, मग फुप्फुसात पाणी झालंय म्हणाले, मग काय म्हणाले ते मला ऐकूच आलं न्हाय. आई-आप्पांसमोर रडायची चोरी. फोनवर टाइप करत रडायचो आणि ती तिकडनं लिहायची, 'मी आहे. लिहीत राहा.' तू कशी बोलतीस, कशी चिडतीस, वेणी कशी घालतीस, सगळं मी तिला त्या बाकावरनं सांगितलंय. आक्का, आपल्या घराबाहेरच्या माणसात तुला तिच्याएवढी कुणीच ओळखत नव्हतं.

तर लेख कट्ट्यावर टाकला आणि म्हणालो, जरा वाचून सांगा, काय बदलू?

पहिले काही दिवस लई बरे गेले. खोटं कशाला बोलू? समासात एकेक टिपण यायचं आणि मला शाळेतनं घरी जायची घाई व्हायची. ठाण्याचा एकजण हाय, हिमटोपी नावानं लिहितो, त्यानं सांगितलं की पहिला परिच्छेद उगाच लांबलाय, थेट नावेतच सुरुवात कर. बरोबर होतं त्याचं, मी कापला. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, कंदील विझल्यावर पडद्यावर नक्की काय दिसतं ते सांग. तेबी बरोबर. मी परत तो भाग आठवून आठवून लिहिला. तुझ्याविषयी लोक विचारत होते. 'पुढे काय झालं?' 'आक्का कुठल्या बाजूला बसायची?' तू गेल्यापासनं कुणी मला तुझ्याविषयी प्रश्नच विचारले नव्हते. येईल तो सांत्वन करून जायचा. हे लोक विचारत होते, आणि तू डाव्या बाजूला बसायचीस, पंख्याखाली, हे मला लिहायला मिळत होतं.

मग हिमटोपीचं टिपण आलं. 'आक्का बाई आहे ना? मग "ऱ्हातो" कसं? "राहते" हवं. वाचक अडखळेल.'

मी परत एकदा सगळं समजावून लिहिलं. त्यावर दुसरा म्हणाला, 'बोलीचा गोडवा कळतो, पण शीर्षकातच चूक वाटते.' तिसरा म्हणाला, खाली टीप द्या. चौथा म्हणाला, टिपेनं रसभंग होतो. आपल्या घरातल्या एका वाक्यावर चार गावची माणसं बसून वाद घालायला लागली. मी मराठी शिकवतो, आक्का. 'राहते' कुठं येतं ते मला कळतं. पण तू 'राहते' म्हणालीस का कधी? 'मी राहते, तू जा' असं कुणी म्हणालं, तर ते कोण म्हणतंय हेच मला कळायचं न्हाय.

शेवटी रेवतीनं मला एकटीला गाठून लिहिलं. 'तू अजिबात काळजी करू नकोस. अंकाचं संपादन माझ्याकडे आहे. त्या ओळीला कुणीही हात लावणार नाही. माझा शब्द.'

मी निवांत झालो. आईला सांगितलं, आक्कावर लिहिलेलं छापून येणार हाय. कट्टा दिवाळीला अंक काढतो, फोनवर वाचायचा. आईनं त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.

आणि रेवतीनं शब्द पाळला बघ. ओळ जशीच्या तशी ठेवली, 'मी ऱ्हातो, तू जा', एक काना-मात्रासुद्धा बदलली न्हाय. ओळ ठेवली आणि तुला काढलं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी अंक उघडला. माझं नाव, खाली 'बेळगाव', आणि पहिलं वाक्य: 'माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो.' मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी लेख माझ्या नावावर पडला. खाली वाचत गेलो तर नाव तीच, पूल तोच, मलप्रभा तीच. तुझी स्कूटर होती तिथं 'त्याची बाईक' झालीवती. हेडफोनच्या वायरीत तुझी वेणी अडकायची आणि तू गेम थांबवून ती सोडवत बसायचीस, ते वाक्यच गायब. पंख्याखाली अण्णा बसलावता. भडंगसुद्धा अण्णाच खात होता, चमच्यानं.

डबा तसाच झाकून ठेवला मी. पुढच्या तासाला पोरांना काय शिकवलं ते मला आठवत न्हाय.

संध्याकाळी रेवतीला फोन लावला. आवाज ऐकून ती खूश झाली, म्हणाली, "अगं, बघितलंस का, लोकांना किती आवडलाय."

मी म्हणालो, "रेवती, आक्का कुठाय?"

"हां, ते. अगं, तुझी ओळ वाचवायची होती ना. सगळे मागे लागले होते, 'राहते' करा म्हणून. मी म्हटलं, ओळ जाऊ देणार नाही. मग एकच मार्ग होता."

"कसला मार्ग?"

"कॅरॅक्टर बदलायचं. भाऊ केला की व्याकरणाचा प्रश्नच मिटतो. कुणी अडखळत नाही. आम्ही चौघांनी मिळून ठरवलं."

"आमची आक्का कॅरॅक्टर न्हाय."

"अगं तसं नव्हे. पण वाचकाला काय फरक पडतो सांग? प्रेम तेच आहे ना? आणि खरं सांगू, बहिणीसाठी थांबणारा भाऊ जास्त भिडतो."

आमच्या घरात मरण झालंय आणि ही मला सांगतीय, काय जास्त भिडतं. मी विचारलं, "मला का विचारलं न्हाईस?" तर म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस."

बघ, म्हणजे तेबी म्हाईत होतं.

आक्का, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झालो असतो. हिमटोपीनं केलं असतं तरी चाललं असतं, त्याला तू म्हणजे नुसती लेखातली बाई. पण हिला तुझी वेणी म्हाईत होती की गं! तुझ्या खोलीबाहेर बसून मी तिला सांगितलीवती. तीच वेणी तिनं कापली आणि मला म्हणती, लोकांना आवडलाय.

तेवढ्यात लेखाखाली लोकांचं येणं चालूच. 'असा भाऊ सगळ्यांना मिळो.' 'अण्णांना सलाम.' 'बहिणीसाठी जीव टाकणारा भाऊ, डोळे भरून आले.' कुठल्या कुठल्या गावची माणसं आपल्यात कधी नसलेल्या भावासाठी रडत होती, आणि तुझ्यासाठी एकसुद्धा न्हाय.

मी कट्ट्यावर लिहिलं, लेख काढा, न्हायतर माझी आक्का परत घाला. हिमटोपी म्हणाला, 'फीडबॅक मागितला की तो पचवताही यायला हवा.' रेवती म्हणाली, झालेला अंक आता मोडता येत नाही, पुढच्या अंकात खुलासा देऊ, 'मूळ लेखात बहीण होती' असा. खुलासा! तू म्हणजे काय छपाईतली चूक हायस? मी कट्टा सोडला. सोडताना चौघापाचजणांनी रडक्या तोंडाची चित्रं टाकली. लेख अजून तिथंच हाय, अण्णासकट.

मला ह्यात सगळ्यात काय लागलं ते तुलाच कळंल. दुसऱ्यांना वाटंल, एका काना-मात्रेसाठी ही एवढी का तडतडतीय.

आपल्या आप्पांना दोन पोरी. हे वाक्य आपण जन्मल्यापासनं कुणी सरळ म्हणालंय का? 'दोन पोरीच' म्हणायचे. तो 'च' आपल्या नावामागं आडनावासारखा लागलेला. तुला नोकरी लागली, तू स्कूटर घेतलीस, आप्पांना डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेलीस, तर लोक म्हणायला लागले, "पोरगी कसली, पोरगाच हाय तुमचा." चांगलं म्हणून म्हणायचे. तू हसून म्हणायचीस, "पोरगीच हाय की. पोरगा असतो तर आप्पांच्या गाडीवर गावभर हिंडत बसलो असतो." सगळे हसायचे.

पण एकदा उद्यमबागेच्या सिग्नलला गाडी थांबवून तू मागं न बघता मला म्हणालीस, "बारके, मला पोरगा म्हणाले की राग येतो बघ. काम मी करतो आणि नाव त्या जन्माला न आलेल्याचं होतं." मग सिग्नल सुटला आणि तू गाडी काढलीस. मला त्या वेळी ते एवढं कळलं नव्हतं. आता स्टाफरूममध्ये बसून कळलं.

म्हणजे जिवंतपणी जे लोक नुसतं तोंडानं म्हणत होते, ते ह्यांनी मेल्यावर छापून टाकलं.

आणि तुझ्यावरबी राग हाय माझा, आज सगळं काढलंय तर तेबी काढतो. 'मी ऱ्हातो, तू जा' दर रविवारी कोण म्हणायचं? मग राहिलीस का? साखळी सोडून तूच निघून गेलीस आणि मी काठावर बसलोय, आई-आप्पांना घेऊन. दवाखान्यात शेवटी शेवटी तुझ्या तोंडावर ती नळी होती, बोलता येत नव्हतं, हे कळतं मला. तरी राग येतो. तू असतीस तर रेवतीला एका वाक्यात गप केलं असतंस आणि मग मला 'होगली बिड' म्हणाली असतीस. मी सोडू शकत न्हाय. मला ते जमत न्हाय.

मी घरात काहीच सांगितलं नव्हतं. आई रोज विचारायची, "आलं काय गं छापून?" मी म्हणायचो, यील. पण माझं नाव आणि बेळगाव होतं ना त्यात, लेख हिंडत हिंडत निपाणीला आत्याच्या सुनेच्या फोनवर गेला. आणि परवा तुझ्या वर्षश्राद्धाचं ठरवायला आत्या आली, ती फोन हातात धरूनच.

दुपारची वेळ. आप्पा खुर्चीत, आई चहा ओतत होती. आत्या म्हणाली, "आमच्या सूनबाईनं वाचून दावलं मला. लई झकास लिवलंस बाई. पर ह्यो अण्णा कोण गं तुमच्यात?"

आईनं ओतायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, जसं तुला सांगितलं तसं. मला वाटलं, आत्या तरी चिडंल. आत्या चहाचा घोट घेऊन म्हणाली, "मग चुकलं काय त्यांचं? परक्या माणसांनीबी ओळखलं बघा. मी तर कवापासनं म्हणतोय, ती पोरगाच हुती. देवाचीच जरा गफलत झाली."

'म्हणतोय' म्हणाली, आक्का. आत्या. नऊवारीतली आत्या 'म्हणतोय' म्हणाली आणि तिला काय वाटलंसुद्धा न्हाय. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो.

मी उठून आत जाणार होतो. तेवढ्यात आप्पा बोलले. तू गेल्यापासनं आप्पा कामापुरतंच बोलतात. पेपर दे, गोळी दे, एवढंच. खुर्चीतनं न उठता म्हणाले, "सुमन, मला दोन पोरी. एक हाय, एक गेली. पोरगा मला नव्हता, आन नको हुता. जी गेली ती माझी पोरगी गेली. तिला पोरगा म्हणायचं झालं तर ह्या घरात यिऊ नको."

एवढं मोठं वाक्य मी आप्पांच्या तोंडनं आधी कधी ऐकलं न्हाय. आप्पा आणि बहिणीला 'यिऊ नको' म्हणतात? आईनं पदर तोंडाला लावला. तू हे ऐकायला पायजे होतीस, आक्का. तुझ्या हयातीत का न्हाय म्हणाले, असं मला एकदा वाटलं. पण म्हणाले, आणि तुझ्या नावानं म्हणाले.

मग आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू काय लिवलंतंस ते वाच बघू. त्यांचं नगो. तुझं."

मी फोनवरनं माझा मूळ लेख काढला आणि वाचला. आत्या जायला उठलीवती, ती परत बसली. गेम म्हणजे काय, कंट्रोलर म्हणजे काय, त्यांना काय कळणार, असं मला वाटत होतं. पुलाचा भाग आला. 'मी ऱ्हातो, तू जा' वाचलं. कोण अडखळलं सांग? कुणी न्हाय. त्या 'तो'कडं कुणाचं ध्यानसुद्धा गेलं न्हाय.

आत्या तेवढी हुंदका देऊन म्हणाली, "अशीच म्हणायची बाई. आमच्या ह्यांचं, तुझ्या मामांचं, ऑपरेशन झालं तवा मला म्हणाली, आत्या, मी ऱ्हातो हितं, तू घरला जा, जरा पाठ टेक. सकाळपातूर बसली लेकरू." मग डोळे पुसून आप्पांना म्हणाली, "चुकलं माझं, दादा. पोरगीच हुती. पोरगीच अशी बसती."

वाचून झाल्यावर मी विचारलं, काय बदलू? सवय लागलीय ना विचारायची. आई म्हणाली, "ते भडंग चमच्यानं खायचं काढ. लोक हसतील." आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. तशीच खायची." आत्या म्हणाली, "नाव बुडल्यावर फुडं काय हुतंय ते मला कळलं न्हाय, जरा फोड करून लिव." तिघांचंबी ऐकून घेतलं. आत्याचं बरोबर हाय, तो भाग मी सोपा करणार. आईचं ऐकणार न्हाय.

आत्यानं चूक मान्य केली, आप्पा बोलले, म्हणून माझं सगळं निवळलं असं समजू नको. रेवतीला मी माफ केलेलं न्हाय. काल तिचा निरोप आला, 'तुझी खूप आठवण येते गं.' मी उत्तर दिलं न्हाय. आठवण मलाबी येती तिची, हीच तर चीड हाय. त्या बाकावर ती होती, हे खोटं न्हाय. आणि तिनं तुला पुसलं, हेबी खोटं न्हाय. दोन्ही एकाच माणसाचं असतं, हे मला अजून गिळता येत न्हाय.

आता माझा शब्द घे, रेवतीच्या शब्दासारखा न्हाय.

पुढच्या महिन्यात खानापूरकडच्या एका गावात मराठीचं संमेलन हाय. तिथल्या मास्तरांना फोन करून मी वाचायला वेळ मागितला. त्यांनी विचारलं, कशावर? म्हणालो, गेमवर आणि माझ्या थोरल्या बहिणीवर. ते म्हणाले, "चालतंय की. दहा मिनिटांत बसवा, म्हणजे जेवणाला उशीर हुणार न्हाय." एवढंच. आई-आप्पा येणार हायत, आत्याबी निपाणीहून येतो म्हणालीय. तुझी वेणी, तुझी स्कूटर, तुझी पंख्याखालची जागा, सगळं परत घातलंय मी, आणि लेखाला हात लावायला आता कुणाला देणार न्हाय. माझा आवाज फुटंल मध्येच, फुटू दे. पाणी पिऊन परत तिथूनच वाचीन.

आणि वाचून खाली उतरल्यावर कुणी चांगल्या मनानं जवळ येऊन म्हणालं, 'बहीण कसली हो, पोरगाच होती की तुमची,' तर मी हसणार न्हाय आणि गप्पबी बसणार न्हाय. त्या माणसाला तिथंच थांबवून, जेवणाला उशीर झाला तरी चालंल, सांगणार. न्हाय हो. पोरगी होती.

तुझी,
बारकी